लाकडाने पाणी कसं छापतात?

ऑफिसातला रबरी शिक्का आठवून पाहा. पॅडवर टेकवायचा, कागदावर दाबायचा. उठावाचा भाग शाई घेतो, खोलगट भाग कोरा राहतो. शिक्क्याला दोनच गोष्टी कळतात : आहे किंवा नाही. वर गडद असलेलं निळं खाली येता येता विरून जावं, हे त्याच्या कुवतीबाहेरचं काम. तसं झालंच, तर शाई संपली असं समजून आपण पुन्हा मारतो.

आता तोरी कियोनागा (१७५२–१८१५) या जपानी चित्रकाराचं एक दोन पानी चित्र घेऊ. एदो शहर, म्हणजे आजचं तोक्यो. उन्हाळ्यातली संध्याकाळ. सुमिदा नदीच्या काठी गारव्याला आलेल्या बायका. उंच, सडपातळ, कोणी उभी, कोणी बाकावर टेकलेली. मागे संथ नदी. त्या काळच्या फॅशनप्रमाणे कानांवरचे केस दोन्ही बाजूंना ताणून फुलवलेले, आणि इतके विरळ की त्यांच्या आरपार पलीकडचं दिसावं. त्यानंतर अर्ध्या शतकाने उतागावा हिरोशिगेची (१७९७–१८५८) निसर्गचित्रं आली. त्यांत आकाश वरच्या कडेला गडद निळं असतं आणि खाली येईपर्यंत कागदाच्या पांढऱ्यात मिसळून जातं. पाणीही तसंच.

या कागदांवर कुठेही कुंचला फिरलेला नाही. सगळं लाकडी ठोकळ्यांनी छापलेलं आहे, त्याच शिक्क्याच्या तत्त्वाने. मग केसाएवढी रेषा, एकमेकांना बिलगून बसलेले दहा-बारा रंग आणि ते विरत जाणारं निळं आलं कुठून?

नाव एकाचं, हात चौघांचे

ठशावर सही चित्रकाराची असते, म्हणून आपण ‘कियोनागाचं चित्र’, ‘हिरोशिगेचं चित्र’ म्हणतो. प्रत्यक्षात धंदा प्रकाशकाचा. विषय तो ठरवायचा, पैसे तो घालायचा, नुकसानही त्याचंच. चित्रकार रेखाटन करून द्यायचा, कोरणारा लाकूड कोरायचा, छापणारा छापायचा. शेवटच्या दोघांची नावं ठशावर क्वचितच सापडतात. मला हा अन्याय वाटतो, कारण ज्या गोष्टीसाठी आपण या चित्रांवर जीव टाकतो ती बहुतेक वेळा त्या दोघांच्या हातची असते.

प्रकाशकाला खपेल तेच हवं असायचं. अठराव्या शतकातलं एदो सुमारे दहा लाख वस्तीचं, गजबजलेलं शहर होतं. अशा शहरातल्या माणसाला घरी न्यायला नदीकाठची निवांत संध्याकाळ हवी, हे प्रकाशकांनी ओळखलं होतं. नवीन किमोनोचा नक्षीकाम केलेला कपडा, नवी केशरचना, बहरलेली चेरी, प्रसिद्ध चहागृहातली देखणी मुलगी हे सगळं एकाच कागदात मिळायचं. एकोणिसाव्या शतकात अशा एका ठशाची किंमत साधारण एका वाटीभर सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, जेवणाइतकी होती.

इथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. या चित्रांतल्या बऱ्याच बायका वेश्यावस्त्यांतल्या आहेत. समुद्राकडे बघत सज्जात बसलेल्या, शिनागावा नावाच्या अशाच एका वस्तीतल्या स्त्रिया कियोनागाने अप्रतिम काढल्या. त्यांतल्या कितीजणी आईबापांच्या कर्जापायी लहानपणीच कराराने बांधल्या गेलेल्या असत, ते चित्र सांगत नाही. सांगायचं त्याचं कामही नव्हतं. काही ठसे तर सरळसरळ त्या वस्तीची जाहिरातच होते.

कॅलेंडरापायी आलेले रंग

सुरुवातीचे ठसे काळ्या रेषेचे. रंग हवा तर तो नंतर हाताने भरायचा, त्यात शेंदूरही असे. १७४० च्या दशकात गुलाबी आणि हिरव्याचे वेगळे ठोकळे आले. मग १७६५ मध्ये अचानक आठ-दहा रंगांचे ठसे दिसू लागले. कारण काय, तर कॅलेंडर.

जपानची तेव्हाची कालगणना आपल्या पंचांगाच्या जातीची होती. महिना २९ किंवा ३० दिवसांचा, मधूनच एखादा अधिक महिना. कोणते महिने मोठे आणि कोणते छोटे, हे दरवर्षी बदलायचं आणि लोकांना ते माहीत असणं भाग होतं. पण कॅलेंडर छापण्यावर सरकारचं नियंत्रण होतं. यावर शौकिनांनी शक्कल काढली : चित्र छापायचं आणि मोठ्या महिन्यांचे आकडे त्यात लपवायचे. नववर्षाला ही चित्रं एकमेकांना द्यायची, समोरच्याने आकडे शोधायचे. १७६५ साली या शौकाला ऊत आला. पैसेवाल्या मंडळींनी उत्तम कागद, उत्तम रंग आणि हवे तेवढे ठोकळे यांवर सढळ हाताने खर्च केला, आणि त्यांचा आवडता चित्रकार होता सुझुकी हारुनोबू.

त्याचं त्या वर्षीचं एक चित्र आहे. अचानक सर आली आहे, वाऱ्याने सगळं फडफडतंय आणि एक तरुणी दोरीवरचे कपडे काढायला धावते आहे. धावताना एका पायातली लाकडी चप्पल निसटली आहे. वाळत घातलेल्या किमोनोवरची नक्षी नीट वाचली तर ती अक्षरं निघतात : मोठे महिने दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा, आठवा, दहावा, आणि मेइवा पर्वाचं दुसरं वर्ष, म्हणजेच १७६५. कपडे काढायच्या घाईत असलेली ही मुलगी म्हणजे भिंतीवरचं ‘कालनिर्णय’च.

प्रकाशक हे बघत होतेच. तेच ठोकळे घेऊन, आकडे वगळून, त्यांनी ठसे बाजारात आणले. त्यांना ‘निशिकी-ए’, म्हणजे जरीकामासारखी चित्रं, असं नाव पडलं आणि साध्या छपाईचे दिवस तिथून सरले.

मूळ चित्र उरतच नाही

चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेखाटन करायचा. कोरणारा ते कागदाचं पान उलटं करून लाकडावर खळीने चिकटवायचा आणि मागचा कागद बोटांनी चोळून चोळून काढायचा, तेलाचा हात फिरवायचा. आता लाकडावर उरते ती उलटी दिसणारी रेषा आणि तिला धरून ठेवणारा कागदाचा पापुद्रा. कोरताना तोही जातो. म्हणून या चित्रांचं ‘ओरिजिनल’ कुठे आहे, या प्रश्नाला उत्तर नाही. ते कोरण्यातच संपतं. कागदावर उमटलेला प्रत्येक ठसा हाच मूळ.

लाकूड जंगली चेरीचं. फळी खोडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने कापलेली. चेरी घट्ट आणि एकसारख्या पोताची असते, म्हणून बारीक रेषा धरते आणि हजारो वेळा ओली होऊनही लवकर झिजत नाही. कोरणारा मुठीत धरलेल्या सुरीने रेषेच्या दोन्ही अंगांना तिरके छेद घेतो. त्यामुळे उठावाची रेषा वर निमुळती आणि बुडाशी रुंद राहते, दाबाखाली मोडत नाही. मधलं निरुपयोगी लाकूड नंतर पटाशी आणि हातोडीने काढलं जातं.

कारखान्यात कामाची उतरंड असे. कपड्यांच्या घड्या, झाडं, घरं हे शिकाऊंचं काम. डोकं मात्र उस्तादाचं. कपाळावर जिथे केस सुरू होतात तिथे एका मिलिमीटरच्या जागेत दोन-तीन रेषा बसवायच्या, त्याही टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या. चित्रकार तिथे बरेचदा ढोबळ आकारच काढून देत असे. एकेक केस कोरणाऱ्याने आपल्या अकलेने काढायचा. कियोनागाच्या बायकांचे ते आरपार दिसणारे केस असे तयार झाले. होकुसाई या चित्रकाराने आपल्या एका पुस्तकासाठी प्रकाशकाला पत्र लिहून एगावा तोमेकिची हाच कोरणारा हवा असं कळवलं होतं. दुसरे लोक डोळे आणि नाकं आपल्या सवयीने बदलतात, ही त्याची तक्रार होती.

दोन खाचांचा चमत्कार

शिक्का एकच असेल तर तो कुठेही मारा. दहा शिक्के बरोबर एकमेकांवर मारायचे, तेही दोनशे कागदांवर, तर? केसभर सरकलं की ओठाचा लाल रंग गालावर.

यावर जपानी कारागिरांचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा कळल्यावर हसू येतं. प्रत्येक ठोकळ्यावर चित्राच्या बाहेर दोन खाचा : एक कोपऱ्यात काटकोनाची, दुसरी त्याच कडेला थोडी पुढे, सरळ. छापणारा कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवतो, कड दुसऱ्या खाचेला लावतो आणि कागद सोडतो. या खाचांना ‘केन्तो’ म्हणतात.

खरी हुशारी पुढे आहे. सगळ्या ठोकळ्यांवर खाचा नेमक्या त्याच जागी कशा आणायच्या? मोजून नाही. आधी काळ्या रेषांचा मुख्य ठोकळा खाचांसकट कोरायचा. त्यावरून रंगांच्या संख्येइतकी पानं काढायची, खाचांच्या छापासह. चित्रकार एका पानावर फक्त लाल कुठे ते दाखवतो, दुसऱ्यावर फक्त हिरवं. मग ही पानं नव्या फळ्यांवर उलटी चिकटवून कोरायची. प्रत्येक रंगाच्या ठोकळ्याला खाचा आईकडूनच मिळतात, त्यामुळे चुकायला जागाच राहत नाही.

चुकायला जागा राहते ती ओलाव्यात. छपाईचा कागद दमट असतो आणि दमट कागद फुगतो. सकाळी लाल छापताना तो ओला आणि दुपारी हिरवं छापताना सुका असेल, तर खाचा कितीही अचूक असोत, रंग जुळणार नाहीत. म्हणून पूर्ण थप्पीचा ओलावा शेवटच्या रंगापर्यंत एकसारखा ठेवणं हे छापणाऱ्याचं निम्मं कौशल्य.

चौकट : एका ठशाचा प्रवास
चित्रकाराचं रेखाटन फळीवर उलटं चिकटतं आणि कोरताना नष्ट होतं. काळ्या रेषांच्या मुख्य ठोकळ्यावरून पानं काढली जातात. त्यांवरून प्रत्येक रंगाचा ठोकळा कोरला जातो. दमट कागद दोन खाचांना टेकवून एकेका ठोकळ्यावर ठेवतात आणि पाठीवरून हाताने घासतात. आधी काळ्या रेषा, मग फिके रंग, शेवटी गडद. पहिली खेप साधारण दोनशे प्रतींची. खप झाला तर पुन्हा छपाई, बरेचदा कमी काळजीने.

कागद खाली, लाकूड वर? उलट

शिक्का आपण कागदावर दाबतो. इथे ठोकळा चित्र वर करून जमिनीलगत पक्का बसवलेला असतो आणि कागद त्याच्यावर येतो. यंत्र नाही, दाबपट्टी नाही. छापणाऱ्याच्या हातात फक्त ‘बारेन’ : तळहाताएवढी चकती, आत बांबूच्या सालपटाच्या दोऱ्यांची घट्ट वेटोळी, बाहेरून बांबूचंच आवरण. कागदाच्या पाठीवर ती गोलगोल घासत नेताना खांद्यापासूनचं वजन तिच्यावर येतं.

रंग पाण्यातले. लाकडावर कुंचल्याने रंग आणि चिमूटभर तांदळाची खळ एकत्र पसरतात. खळ असली की रंग सपाट बसतो. मुद्दाम कमी घातली तर तिळासारखे ठिपके उमटतात, आणि तोही परिणाम काही चित्रांत हवा असायचा. कागद कोझो नावाच्या, तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीपासून बनवलेला : धागे लांब, त्यामुळे ओला असताना वीस-तीस वेळा घासलं तरी फाटत नाही. त्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं. ते नसतं तर पाण्यातला रंग टिपकागदावर पसरतो तसा पसरला असता.

परिणाम असा, की रंग कागदावर थर होऊन बसत नाही, धाग्यांमध्ये शिरतो. अस्सल ठसा उलटा करून पाहिला तर मागेही चित्राची पुसट छाया आणि बारेनच्या गोलाकार खुणा दिसतात. या रंगांना जी नरम झाक आहे ती इथून येते.

आता ते विरणारं निळं. ठोकळ्याचा आकाशाचा भाग सपाट असतो. त्यावर काहीही कोरलेलं नसतं. छापणारा तो भाग ओल्या फडक्याने पुसून घेतो. रुंद कुंचल्याच्या एकाच टोकाला रंग घेतो आणि वरच्या कडेने आडवा फिरवतो. रंगाचं टोक वर, पाण्याचं टोक खाली. रंग पाण्यात उतरत जातो आणि लाकडावरच त्याचा गडदपासून शून्यापर्यंतचा पट्टा तयार होतो. कागद टेकवला, घासला, की तो पट्टा जसाच्या तसा वर येतो. या पद्धतीला ‘बोकाशी’ म्हणतात.

म्हणजे शिक्का खरंच आहे-नाहीच ओळखतो. विरतं ते त्याच्यावरचं पाणी. आणि हे पाणी प्रत्येक कागदासाठी नव्याने पसरायचं. दोनशे प्रती म्हणजे दोनशे वेळा तेच आकाश. म्हणून हिरोशिगेच्या एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकात निळं अर्ध्यापर्यंत उतरलेलं असतं, दुसऱ्यात ते कडेलाच थांबलेलं. घाईच्या छपाईत तर पट्टा सरळ गाळलेलाही आढळतो.

काही ठिकाणी रंगच लावायचा नाही. कोरलेल्या बिनरंगी ठोकळ्यावर दमट कागद दाबून घासायचा म्हणजे कागदाला उठाव येतो. हारुनोबूच्या चित्रांत बर्फ, पांढरा किमोनो असे दिसतात : शाई शून्य, फक्त फुगलेला कागद. हे ठसे भिंतीवर लावायला केलेलेच नव्हते. हातात धरून, दिव्याकडे तिरके करून बघायचे होते. काचेमागे सरळ टांगले की ही मजा जवळपास सगळी जाते, आणि छापील पुस्तकात तर उरतच नाही. अभ्रकाची पूड घातलेल्या चमकत्या पार्श्वभूमीचंही तेच.

तेच ठोकळे, वेगळी वेळ

बोकाशीतून एक मोठी शक्यता निघते. वेळ, हवा, प्रकाश हे सगळं पाण्यात आणि रंगात असेल, लाकडात नसेल, तर त्याच ठोकळ्यांतून सकाळही काढता येईल आणि रात्रही. हे सर्वांत धीटपणे केलं योशिदा हिरोशीने (१८७६–१९५०). १९२६ मध्ये त्याने शिडाच्या नावांचं एक चित्र सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या रंगांत छापलं. नावा त्याच, ठोकळे तेच, हवा वेगळी. जुन्या उस्तादांना जिथे दहा-पंधरा वेळा छापून भागायचं तिथे त्याच्या चित्रांना सरासरी तीस वेळा कागद टेकवावा लागे.

हाच योशिदा १९३०–३१ मध्ये मुलाला घेऊन भारत फिरला. ताजमहाल, काशीचे घाट, कांचनगंगा यांच्याबरोबर अजिंठा आणि वेरूळ या लेण्यांचेही ठसे त्याने केले. आपल्या बसाल्टच्या काळ्या कड्यात कोरलेली लेणी चेरीच्या लाकडात पुन्हा कोरली जावीत, यात मला तरी एक खट्याळ न्याय दिसतो.

शांत रंग की उडालेले रंग?

कियोनागा-हारुनोबूच्या ठशांतले मंद, मातकट, विटकरी रंग बघून ‘जपानी अभिरुची किती संयत’ असं बोलायची पद्धत आहे. पुष्कळदा हे कौतुक उन्हाचं असतं.

लाल रंग करडईच्या फुलांचा. आपल्याकडे करडई तेलासाठी, तिकडे ओठांच्या लालीसाठी आणि ठशांसाठी. निळा रंग एका रानफुलाचा; पावसाळ्यात आपल्या शेतांच्या बांधावर उगवणारा केना त्याचा जातभाई. दोन्ही रंग सुंदर, दोन्ही कमालीचे नाजूक. करडईचा लाल उजेडात फिकटतो. फुलाचा निळा तर उजेडाने आणि ओलाव्याने इतका उतरतो की नदी कागदाच्याच पिवळट रंगाची दिसू लागते. दोन्ही मिसळून केलेला जांभळा राखाडी-तपकिरी होतो. ज्या किमोनोंना आपण ‘मातीच्या रंगाचे’ म्हणतो त्यांतले कितीतरी मुळात जांभळे होते.

टिकाऊ निळा आला तो युरोपातून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन ब्लू १८३० च्या सुमारास जपानी ठशांत भरपूर वापरला जाऊ लागला. होकुसाईची फुजी पर्वताची चित्रमालिका त्याच वर्षांतली. पाण्यात सहज उतरणारा आणि उन्हात न उडणारा निळा हातात आल्यावर आकाश आणि नदी यांचीच चित्रं निघू लागली, हे ओघानेच आलं. हिरोशिगेचं शांत पाणी निम्मं तरी रसायनशास्त्राचं देणं आहे.

जुन्या ठशांचे मूळ रंग कसे होते हे कळायचं एक ठिकाण अमेरिकेत आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाला १९२१ मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी सुमारे साडेसहा हजार जपानी ठसे दिले, पण एका अटीवर : ते कधीही प्रदर्शनात मांडायचे नाहीत. लोकांना ही अट विक्षिप्त वाटली असेल, पण त्यामुळे ते ठसे शंभर वर्षं अंधारात राहिले आणि त्यांतले निळे, जांभळे, गुलाबी रंग अजून भडक आहेत. संयत वगैरे अजिबात नाहीत. पुढे संग्रहालयाने त्यांच्या डिजिटल प्रती करून सर्वांसाठी खुल्या केल्या. मोबाइलचा पडदा म्हणजे प्रदर्शन की नाही, याबद्दल १९२१ च्या अटीत काही लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.